आधी रिपोर्ट, मग ऑपरेशनची तारीख

घरातल्या बाईच्या स्तनात गाठ निघाली की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘काढूनच टाका, मागे कटकट नको.’ परदेशातली मुलं फोनवर ‘मोठ्यात मोठं हॉस्पिटल बघा’ म्हणतात. मला दोन्ही सल्ले अपुरे वाटतात. हॉस्पिटलच्या नावापेक्षा गोष्टी कोणत्या क्रमाने होतात, हे जास्त महत्त्वाचं.

इथे ब्रिटनमध्ये ऑपरेशनआधी सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि कॅन्सरतज्ज्ञ एकत्र बसून केस बघतात. इथलं सगळं गोड आहे असं नाही. तपासणीसाठी पाठवल्यापासून ६२ दिवसांत उपचार सुरू व्हावेत हे एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, उद्दिष्ट अनेकांच्या बाबतीत हुकतं. आपल्याकडे खासगीत आठवड्याच्या आत तारीख मिळते, आणि ते चांगलंच आहे, पण तारीख रिपोर्टच्या पुढे धावू नये.

‘आधी गाठ काढू, मग तपासायला पाठवू’ हे अजूनही होतं. त्यात गाठीभोवती निरोगी भागाची कडा नीट राखली जात नाही, नमुन्याची वरची-खालची बाजू दोऱ्याने खुणावलेली नसते, आणि दुसरं ऑपरेशन मागे लागतं. एफएनएसीने, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीने, कॅन्सरच्या पेशी दिसतात, पण तो दुधाच्या नलिकेतच आहे की बाहेर पसरलाय ते ठरत नाही. त्यासाठी कोअर बायोप्सी हवी: जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, सहसा १४ गेजच्या सुईने काही तुकडे घ्यायचे. तुकडे तासाभराच्या आत १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) पडले पाहिजेत आणि त्यात ६ ते ७२ तास राहिले पाहिजेत. नमुना तसाच पडून राहिला तर ईआर, पीआर (गाठ संप्रेरकांवर वाढते का) आणि हर-टू (गाठ वाढवणारं प्रथिन जास्त आहे का) यांचे निकाल चुकू शकतात, आणि पुढची सगळी औषधं त्यांवरच ठरतात. हर-टू ‘२+’ आलं तर ते ना होकार ना नकार. हर-टूचं जनुक मोजणारी फिश चाचणी करायलाच हवी.

हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेली) गाठ २ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, तर बहुधा केमो आधी देतात. औषधाने गाठ किती विरघळली यावर पुढचं औषध ठरतं. घाईने ऑपरेशन केलं की ती माहिती कायमची गेली. अशा वेळी केमोआधी गाठीत धातूची बारीक क्लिप ठेवून घ्यावी, नाहीतर गाठ दिसेनाशी झाल्यावर सर्जनने कापायचं कुठे? या तपासण्यांत दोन आठवडे गेल्याने बिघडत नाही. महिने घालवणं मात्र धोक्याचं.

आता ‘पूर्ण काढा’बद्दल. अमेरिकेतले सर्जन फिशर आणि इटलीत मिलानचे सर्जन वेरोनेसी यांच्या चाचण्यांचे २० वर्षांचे निकाल २००२मध्ये आले. स्तन राखून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. पण रेडिएशन सहसा टाळता येत नाही: फिशर यांच्या चाचणीत ते न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के बायकांत त्याच स्तनात कॅन्सर परतला, घेतलेल्यांत १४ टक्के. गाठी अनेक भागांत असतील, छातीवर पूर्वी रेडिएशन झालं असेल, तर सहसा पूर्ण काढणंच बरोबर. मात्र काखेतल्या चार किंवा जास्त ग्रंथींत कॅन्सर असेल, तर स्तन काढूनही रेडिएशन चुकत नाही.

गावाकडून येणाऱ्यांची खरी अडचण राहण्याची. रेडिएशनसाठी पाच आठवडे शहरात कुणाकडे राहायचं? ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने २०२०मध्ये दाखवलं की २६ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) पाच दिवसांत देऊनही काम भागतं. तरुण बाईला गाठीच्या जागेवर जादा डोस (बूस्ट) लागू शकतो, काखेलाही रेडिएशन द्यायचं असेल तर अनेकदा तीन आठवडे लागतात. तरीही ‘मला पाच दिवसांचं चालेल का?’ हे ऑपरेशन ठरण्याआधीच विचारायला हवं, कारण त्या उत्तरावर स्तन राखायचा की नाही हे ठरू शकतं.

आणि हे तिने स्वतः विचारावं. ब्रिटनमध्ये निदान आधी तिला सांगतात. आपल्याकडे मुलगा फाईल घेऊन आत जातो आणि तिला ‘साधी गाठ आहे’ एवढंच कळतं. ईआर पॉझिटिव्ह असेल तर पाच वर्षं रोज २० मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन (संप्रेरकाचा परिणाम रोखणारी गोळी) घ्यायची वेळ तिच्यावर येऊ शकते. गोळी कशासाठी हेच ठाऊक नसेल, तर अंगातून गरम वाफा निघायला लागल्यावर ती दुसऱ्या वर्षी बंद करेल, आणि घरात कुणाला पत्ताही लागणार नाही.