गॅसचा वास आला की पंखा लावू नका, कुठल्याच बटणाला हात लावू नका

कऱ्हाडच्या मावशीने परवा फोनवर अगदी खात्रीने सांगितलं, की गॅसचा वास आला तर पहिल्यांदा एक्झॉस्ट फॅन लावायचा. कुठून कळलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. 'प्रत्येक गृहिणीने वाचावे' असा मथळा असलेला तो मेसेज मग तिने मलाही पाठवला. त्यात चार गोष्टी आहेत. गॅस हलका असल्यामुळे वर साठतो, म्हणून वरची झडप उघडा, एक्झॉस्ट लावा आणि दिवे बंद करा. कढईतलं तेल पेटलं तर मूठभर पीठ टाका. भाजलं तर हात पिठात बुडवून ठेवा. आणि सिलिंडरवरची तारीख उलटली की तो घरातला बॉम्ब. मावशी घरात एकटी असते. तिने यातलं पहिलं जरी केलं तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून चिडून लिहितोय.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. तो हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर जात नाही, फरशीवर पसरतो आणि ओट्याखाली, कपाटांखाली, खोलगट जागी साठतो. झडप उघडून वरची हवा जाईल, गॅस पायाशीच राहील. दार उघडायला हवं, तेही सताड.

आता पंख्याचं. हवेत हा गॅस साधारण 2 ते 9.5 टक्के असला की ठिणगी मिळताच पेटतो. दहा फूट बाय आठ फुटांचं, दहा फूट उंचीचं स्वयंपाकघर धरा. त्यातली सगळी हवा 2 टक्क्यांवर यायला जेमतेम किलोभर गॅस लागतो, आणि भरलेल्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो असतो. शिवाय गॅस सगळीकडे सारखा पसरत नाही. फरशीलगत तो याहून कितीतरी आधी पेटण्याजोगा होतो. अशा वेळी बटण दाबलं की आत ठिणगी उडते. लावताना उडते तशी बंद करतानाही उडते. म्हणजे 'दिवे बंद करा' हा सल्लासुद्धा तितकाच घातक. एक्झॉस्टच्या मोटरमध्येही ठिणगी पडू शकते, आणि पंखा तोच गॅस तिच्याकडे ओढत असतो. फ्रिजचं बटणही जसं आहे तसंच राहू द्या. तेल कंपन्यांच्या सुरक्षा सूचना वर्षानुवर्षं हेच सांगताहेत: विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. देवघरातला दिवा, उदबत्ती विझवा. रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा, बाहेर पडा आणि बाहेर गेल्यावरच 1906 ला फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

एक मान्य करावं लागेल. पुण्या-मुंबईत पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो आणि तो खरोखर हवेपेक्षा हलका असतो. तिथे वरची खिडकी उघडणं बरोबरच. पण बटणाचा नियम तिथेही तोच. आणि मावशीकडे सिलिंडर आहे.

पिठाचं तर वाचून हात कापले. पीठ जळतं. हवेत उडालेल्या पिठाच्या प्रत्येक कणाला चहूबाजूंनी ऑक्सिजन मिळतो आणि सगळे कण जवळजवळ एकदमच पेटतात. अमेरिकेत मिनिआपोलिसला 2 मे 1878 रोजी वॉशबर्न कंपनीची पिठाची गिरणी अशाच धुळीने उडाली आणि 18 माणसं मेली. पेटत्या कढईवर पीठ उधळायचं म्हणजे आगीला जळण द्यायचं. पाणीही नको. ते तेलाखाली जातं, क्षणात वाफ होऊन सतराशे पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करा, झाकण किंवा मोठी ताटली एका बाजूने सरकवत ठेवा. कढई उचलू नका, आणि गार होईपर्यंत झाकण काढू नका.

भाजलेल्या जागी पीठ लावू नका. वीस मिनिटं नळाचं गार पाणी, मग डॉक्टर. चिकटलेलं पीठ जखमेतून काढताना काय होतं ते त्यांनाच विचारा.

राहिली तारीख. सिलिंडरच्या मानेजवळ 'बी-27' असं काही लिहिलेलं असतं, ती पुढच्या चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी शेवटचे तीन महिने. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये, इतकं त्या मेसेजचं खरं. पण त्या दिवशी तो आपोआप फुटत नाही. घरात गळती बहुतेक वेळा नळीतून किंवा रेग्युलेटरच्या जोडातून होते. मावशीची नळी कधी बदलली, हे तिला आठवत नाही. ती पाच वर्षांनी बदलायची असते, आयएसआय मार्कची आणून. या रविवारी मी जाऊन बदलणार आहे, आणि साबणाचं पाणी लावून जोडही तपासणार आहे.