तीन हजार केळवण

आमच्या दुकानाचा बोर्ड फ्लेक्सचा होता, आतून ट्यूबा लावलेला. पंधरा वर्षांत त्याच्या पोटात किती किडे-पाकोळ्या जाऊन पडल्या, त्याचा हिशेब नाही. एक पाल तर कायमची राहायला आली होती. संध्याकाळी बोर्ड लागला की तिची सावली 'प्रोप्रा.'च्या आसपास शतपावली करायची. श्रावणात एके दिवशी डावीकडची ट्यूब गेली. दुकानाचं नाव अंधारात, 'मॅचिंग'मधला 'मॅ' अंधारात, आणि उरलं ते झगझगीत 'चिंग सेंटर'. तिसऱ्या दिवशी कॉलेजची दोन पोरं आली, काउंटरवर कोपरं टेकवून म्हणाली, "काका, शेजवान हाफ केवढ्याला?"

मी ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल विकतो. सोलापुरात नवी पेठेतल्या एका गल्लीत माझं मॅचिंग सेंटर आहे. दुकानाचं नाव सांगत नाही, फुकट जाहिरात होईल, आणि आमच्या गल्लीत जाहिरातीला आता समितीची परवानगी लागते.

बोर्ड बदलायचा ठरल्यावर पहिला अडसर घरातच आला. पाट्यांचा कायदा 2022 साली बदलला. तोवर दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं सुटत होती. माझ्याकडे एकच कामगार आहे आणि तोही निम्मा वेळ चहाला असतो. पण आता सगळ्यांनाच मराठी पाटी लागू झाली : देवनागरी लिपीत, आणि दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा मराठी अक्षर लहान असता कामा नये. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं, तेव्हा मी जुन्या बोर्डावर एक देवनागरी पट्टी चिकटवून वेळ मारून नेली होती. या खेपेला आईनं बजावलं, "करतोयस तर नीट मराठीत कर." मॅचिंग सेंटरला मराठीत काय म्हणायचं? बराच विचार करून 'जुळवणी केंद्र' काढलं. बायको म्हणाली, "ठेवा की. कापडाबरोबर पत्रिका पण येतील. छत्तीस गुण जुळले तर अस्तर फुकट." शेवटी 'मॅचिंग सेंटर' हेच देवनागरीत मोठ्ठं लिहायचं ठरलं. इतक्या वर्षांत ते मराठी झालेलं आहे.

आता समिती. गल्लीत ती दोन कारणांनी जन्माला आली. पहिलं कारण गंभीर होतं. 13 मे 2024 ला घाटकोपरला वादळात होर्डिंग कोसळलं आणि 17 माणसं गेली. परवानगीची मर्यादा 40 बाय 40 फुटांची आणि होर्डिंग 120 बाय 120 चं, हे पेपरात वाचल्यावर आमची सगळी गल्ली माना वर करून चालायला लागली. वर बघितल्यावर मोबाईलवाल्या पोराचा गच्चीवरचा बोर्ड दिसला. गच्चीवर उभारून आकाशात दिसेल अशा फलकाला कायद्याच्या भाषेत 'आकाशचिन्ह' म्हणतात. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात 244 वं कलम खास त्याच्यासाठी आहे. मला हा शब्द फार आवडला. धूमकेतू वगैरे दिसल्यासारखं वाटतं. मोबाईलवाल्याचं आकाशचिन्ह तीन दोरखंडांनी बांधलेलं होतं आणि त्यातला एक दोरखंड म्हणजे शेजारच्यांची कपडे वाळत घालायची दोरी होती.

दुसरं कारण म्हणजे भांडीवाले अण्णा दिवाळीनंतर जयपूरला जाऊन आले. 1876 साली राजपुत्र येणार म्हणून ते शहर गुलाबी रंगवलं, आणि अजून बाजारात ओळीनं एकसारख्या पाट्या, एकसारखी अक्षरं. अण्णांनी तिथले दोनशे फोटो काढून आणले. त्यात अण्णांच्या वहिनी एकाच फोटोत होत्या, बाकी सगळ्या पाट्या. आकाशचिन्ह खाली उतरलं, पण अण्णांचं जयपूर काही उतरेना. "आपली गल्ली पण तसली झाली पाहिजे ओ. बघणाऱ्यानं बघतच राहिलं पाहिजे."

कायद्यानं या समितीला दमडीचा अधिकार नाही. पण शेजाऱ्याकडे सुट्टे मागायला रोज जावं लागतं. त्यामुळे अण्णांची समिती मला सरकारपेक्षा कडक वाटते.

माझ्या बोर्डाचं डिझाइन घेऊन मी एका सोमवारी रात्री भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर गेलो. समितीत अण्णा, चष्मेवाले काका, मेडिकलवाले आणि मोबाईलवालं पोरगं. या शेवटच्याला समितीत का घेतलं? तर बाहेर ठेवलं की तो जास्त त्रास देतो. एका हंड्यावर माझं डिझाइन टेकवलं आणि तपासणी सुरू झाली.

"अक्षर बारीक वाटतंय," चष्मेवाले म्हणाले. त्यांना ते तसं वाटलं म्हणून मी चष्मा पुसून दिला.

"खाली हे काय? 'पिको-फॉल करून मिळेल. कापलेले कापड परत घेतले जाणार नाही. उधारी बंद.' एवढं कशाला? एक दुकान, एक पाटी, एक ओळ."

"अण्णा, त्या ओळी काढल्या तर लोक उधारी मागतील."

"आता मागत नाहीत काय?"

याला उत्तर नव्हतं. "इंद्रभुवनावर बोर्ड लावलाय का कुणी?" अण्णा आता रंगात आले होते. इंद्रभुवन म्हणजे आमच्या महापालिकेची इमारत. "तरी सगळ्या सोलापूरला ठाऊक हाय का नाही?" मी हळूच म्हणालो, इंद्रभुवनात ब्लाऊजपीस मिळत नाहीत. ती सूचना इतिवृत्तात आली नाही.

मग मरून रंगाची पाटी, त्यावर सायीच्या रंगाची अक्षरं, उंची तीन फूट, असं ठरलं. आणि लाइट? इथं अण्णांनी खिशातून चिठ्ठी काढली. इलेक्ट्रिशियननं लिहून दिलेलं त्यांनी मोठ्यानं वाचलं : "तीन हजार केळवण."

माळ्यावर शांतता पसरली. मेडिकलवाले म्हणाले, "कुणाच्यात लग्न हाय?"

केल्विन. दिव्याचा पिवळेपणा त्यात मोजतात, आणि ते माप उलटं आहे. आकडा कमी तेवढा उजेड पिवळा. रस्त्यावरचे जुने सोडियमचे दिवे दोन हजाराच्या आसपास, पांढराशुभ्र एलईडी साडेसहा हजार. वर गंमत अशी की कमीवाल्याला 'वॉर्म' म्हणतात आणि जास्तवाल्याला 'कूल'. चव्वेचाळीस डिग्रीत राहणाऱ्या सोलापूरकरानं ही कुलूप-किल्ली कशी लक्षात ठेवायची? पण जयपूरच्या फोटोत उजेड पिवळा होता. दुकानाच्या आत दर्शनी भागालाही तोच. बाहेर पिवळं आणि आत पांढरं म्हणजे "तोंडाला हळद आणि हाताला चुना" दिसतं म्हणे.

मोबाईलवालं पोरगं तेवढं अडून बसलं. "माझं आतलं शोकेस मी बदलणार नाही. फोन पिवळे दिसले तर लोक जुने म्हणतील." त्याला सूट मिळाली. मी मात्र मान डोलावून आलो. मी काय विकतो, हे त्या वेळी माझ्याच ध्यानात आलं नाही.

नवा बोर्ड लागला आणि गल्ली खरंच देखणी दिसायला लागली, हे कबूल केलं पाहिजे. पहिल्याच संध्याकाळी एक बाई साडी घेऊन आल्या. मोरपंखी. मी वीस वर्षांच्या सवयीनं हात वर करून तागा काढला, साडीवर ठेवला, आणि दोन्ही कापडं माझ्यासमोर शेवाळी झाली. दुसरा तागा काढला, तोही तसाच. त्या उजेडात अबोली आणि गाजरी सख्ख्या बहिणी झाल्या, वांगी कॉफीत गेलं. 'चटणी कलर' म्हणजे हिरव्या चटणीचा की शेंगाचटणीचा, यावर सोलापुरात आधीच एकमत नाही, त्यात आता दोन्ही चटण्या एकच दिसायला लागल्या. कापडाचं असं असतं की दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात भांडतात. संध्याकाळी माझ्याकडे जुळलेली जोडी सकाळी उन्हात फारकत घेऊन परत यायची. 'कापलेले कापड परत नाही' ही ओळ समितीनं आधीच काढलेली. घ्या.

डिसेंबरात कहर झाला. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या जत्रेला, सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, आणि बरोबरची माणसं पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. एक मामा बाराबंदीला कापड घ्यायला आले. मी तागा उलगडला. त्यांनी बोटांत कापड चोळलं, नाकाजवळ धरलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मालक, पांढरं दाखवा की."

"पांढरंच हाय मामा."

"हे सायीचं दिसालंय. देवाच्या पुढं असलं घालून जाऊ का?"

मी दुसरा तागा काढला. तिसरा काढला. मामांनी तिन्ही खांद्यावर टाकले आणि काही न बोलता दुकानाबाहेर पडले. मला वाटलं, चालले. पण ते समोर मोबाईलच्या शोकेसपुढे जाऊन उभे राहिले. साडेसहा हजार केल्विनच्या त्या चुनेरी उजेडात एकेक तागा धरला, आणि पहिलाच पांढरा निघाला. "हे बघा, हे पांढरं!" तिकडून ओरडले. "तुमच्यात ठेवलंय आणि तुम्हालाच ठाऊक नाही बे!"

त्यांना बघून बाकीची गिऱ्हाइकंही तिकडं जायला लागली. आता रोज संध्याकाळी माझे तागे रस्ता ओलांडतात. बायका एका हातात साडी, एका हातात अस्तर घेऊन शोकेससमोर रांग लावतात. मागे माझा कामगार, कारण ताग्याबरोबर कुणीतरी हवंच. चहा तिकडंच होतो, त्यामुळे तो खूश आहे. मोबाईलवाल्यानं आधी एक प्लास्टिकचं स्टूल बाहेर ठेवलं, मग दोन. साडीला मॅचिंग मोबाईल कव्हर ठेवायला लागला. तेही विकलं जातं, माझ्यापेक्षा जास्त नफ्यात.

मी अण्णांकडे तक्रार घेऊन गेलो. ते नव्या बोर्डाखाली खुर्ची टाकून बसले होते, पितळेच्या घागरी त्या उजेडात सोन्यासारख्या चमकत होत्या. तीन हजार केळवणाचा आग्रह का होता, ते मला त्या घागरींकडे बघून उमगलं. "तुझं पण बघू की पुढच्या मीटिंगला," अण्णा म्हणाले. पुढची मीटिंग गड्ड्यानंतर.

परवा मोबाईलवाल्यानं एक नवी पाटी लावली. काचेच्या आतल्या बाजूनं लावली, म्हणजे ती समितीच्या कक्षेत येत नाही. देवनागरीत, ठसठशीत, एकच ओळ : 'येथे मॅचिंग बघून मिळेल.'