दोन पानं आणि वर तीन ओळी

"एडिटिंगचे वीस रुपये," तो म्हणाला आणि मी मुकाट्याने दिले. त्याला आज चार दिवस झाले, पण त्या विसांत नेमकं काय एडिट झालं ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

लेकाला एमएस करायला अमेरिकेत जायचंय. त्यासाठी 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' नावाचा निबंध लागतो. तो त्याने लिहिला आणि ऐन शेवटच्या दिवशी १०२ ताप घेऊन आडवा झाला. मुदत रात्री ११.५९ची, म्हणजे तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळाने. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे १०.२९ होतात. घरच्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरची वर्गणी नेमकी संपलेली; फाइल दिसायची, पण सोवळ्यातल्या आजीसारखी हात लावू द्यायची नाही. सव्वानऊला पेनड्राइव्ह घेऊन मी गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे.

अटी अशा: दोन पानं, टाइम्स न्यू रोमन, बारा पॉइंट, डबल स्पेसिंग, चारी बाजूंनी एक इंच मार्जिन. आणि कागद लेटर साइझ. ही शेवटची अट लेकाने वाचलीच नव्हती, सगळं ए-फोरवर बसवलेलं. लेटर म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच. ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर बुटका. बरं, कागद कुठे जाणारच नव्हता! जाणार होती पीडीएफ. पण दुकानातल्या मुलाने साइझ बदलली आणि तीन ओळी घरंगळून तिसऱ्या पानावर गेल्या.

टाइम्स हा फॉन्ट म्हणे १९३२ साली लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये आला, तो कमी जागेत जास्त मजकूर मावावा म्हणून. आमच्या तीन ओळी काही मावल्या नाहीत.

"काकू, फॉन्ट अकरा करू? कोणाला कळतंय!"

"नको."

"मार्जिन पाऊण इंच?"

"मार्जिन दीड हवं," मागून आवाज आला.

पंचाहत्तरीचे गृहस्थ. हातात आधार कार्ड आणि पेन्शनचे कागद. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, ही माहिती न विचारता मिळाली.

"डावीकडे दीड इंच. एका इंचात पंच मारला की अक्षरं जातात. टॅग कुठे ओवणार?"

"काका, हे ऑनलाइन जाणारेय."

"जाईल हो. शेवटी कोणीतरी फाइलला लावणारच ना?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात त्यांनी चष्मा चढवला आणि मी व स्क्रीन यांच्या मधोमध येऊन उभे राहिले. डबल स्पेसिंग पाहून त्यांचा चेहरा खुलला. "अंतर बरं सोडलंय. साहेबांना शेरा मारता येतो. पण विषय कुठाय?"

"कसला विषय?"

"विषय, संदर्भ, महोदय. हे एकदम 'मी सात वर्षांचा असताना' असं सुरू! आवक-बारनिशीत नोंद काय करायची त्यांनी?"

मग स्क्रीनवर बोट ठेवत वाचन सुरू झालं. "सातव्या वर्षी आजीचा मिक्सर उघडला. बरं. दुरुस्त झाला का?"

"नाही."

"नवीन घेतला?"

"घेतला."

"ते लिहिलंय?"

"नाही."

"म्हणजे माहिती दडवली."

रागावून काही बोलणार होते, पण खरं सांगायचं तर त्या मिक्सरबद्दल माझ्याही मनात होतंच. या पोरांना आपण बारावीपर्यंत 'योग्य पर्याय निवडा' शिकवतो. त्यांचं सगळं आयुष्य टक्क्यांत मोजतो. मग एक दिवस कोणीतरी परका म्हणतो, तू कोण आहेस ते तुझ्या शब्दांत सांग, पण बारा पॉइंटात. मग प्रत्येक इंजिनियर बालपणात शिरून एखादा मिक्सर हुडकून आणतो. हे असे आठ अर्ज. आठ वेळा डॉलरमध्ये फी, परत न मिळणारी. कोणाला दोन पानं हवीत, कोणाला एक, कोणाला हजार शब्द. आणि गंमत म्हणजे आमची पैन्‌पै घेऊन वर नकार कळवायचा हक्क त्यांचाच.

"मी जिवंत आहे हे मला एका कागदात सांगावं लागतं," काका म्हणाले. "याला दोन कशाला?"

दहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

"हे शेवटचं उडवा. कामाचं नाही."

ते शेवटचं म्हणजे तिसऱ्या पानावरच्या तीन ओळी. मी त्या पहिल्यांदाच नीट वाचल्या. त्या मिक्सरचे स्क्रू आईने आजही श्रीखंडाच्या डब्यात जपून ठेवलेत, आणि अर्धवट राहिलेलं काम टाकून न देण्याची सवय मला तिच्यामुळे लागली, असं काहीसं इंग्रजीत होतं.

काकांनीही वाचलं. "स्क्रू आहेत अजून?"

"आहेत."

"मग मिक्सर का नाही जोडला?"

दुकानातला मुलगा माउसवर बोट ठेवून थांबला होता. "काकू, डिलीट करू?"

मिक्सर काढला तर सुरुवातच जाते. शेवटून दुसरा परिच्छेद त्याच्या प्रोजेक्टचा, त्याला हात लावायची माझी हिंमत नाही. राहिले मी आणि माझा डबा.

"कर," म्हटलं.

तिसरं पान मिटलं. १०.२१ला पीडीएफ चढली. लगेच काका त्या मुलावर खेकसले, "आता माझं घे रे, केव्हाचा उभा आहे. या बाईंनी तासभर खाल्ला."

वीस रुपये त्यानंतर मागितले.

दुपारी ताप उतरल्यावर लेकाने विचारलं, "बसलं ना दोन पानांत?"

"बसलं," मी म्हटलं. त्याने फाइल अजून उघडून पाहिलेली नाही.