लाटणं सोडून सगळं

बायकांचे कागद, फोटो, आवाज जपणारी 'स्पॅरो'सारखी संस्था मुंबईत १९८८ पासून आहे, असं मी एकदा जेवताना बोलून गेले. चूक माझीच. दुसऱ्याच दिवशी आईने माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. "आपले कागदही देऊ कुठल्यातरी संग्रहाला. पण पावसाळ्याच्या आत."

१९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचे लाटणं मोर्चे निघाले, तेव्हा आई त्यांत होती. पुढे मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि मागे कुठेतरी विसाव्या रांगेत आमची आई. ("विसाव्या नाही, सातव्या!" इति आई, आतून.)

इतिहासाकडे असं गबाळं कसं पाठवायचं? मी फाटक्या पत्रकांना सेलोटेप लावली. गंजक्या टाचण्या काढून स्टेपल मारल्या. मोर्चाचा एकुलता एक फोटो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून चक्क लॅमिनेट करून आणला. संग्रहातल्या ताई आल्या, त्यांनी फोटो हातात घेतला, आणि माझी पहिली पुरणपोळी बघून सासूबाईंचा झाला होता तसा त्यांचा चेहरा झाला. सेलोटेपचा डिंक कागद पिवळा पाडतो, स्टेपलही गंजते, आणि लॅमिनेशन सोडवायला गेलं तर फोटोच जातो. पन्नास वर्षांत कसरीला जमलं नव्हतं ते मी एका रविवारात करून दाखवलं होतं.

सत्काराची प्रमाणपत्रं आम्ही मुद्दाम वर ठेवली होती. ताईंनी ती अलगद बाजूला सारली आणि रद्दीच्या गठ्ठ्यातून हिशेबाची वही ओढली. 'बटाटे अर्धा किलो. रॉकेल. मोर्चा, बसभाडं दोघींचं. धाकटीचं औषध.' धाकटी म्हणजे मी.

"सोनं आहे हो हे!" ताई म्हणाल्या.

प्रमाणपत्रांना कुणी सोनं म्हटलं नाही याचं आईला वाईट वाटलं. त्यांत मी पाचवीतलं माझं सुलेखनाचं हळूच सरकवलं होतं, त्याचं मला.

"नुसते कागद कसे द्यायचे? त्यांना खोकी लागतील, कपाटं लागतील," म्हणत आईने रव्याच्या डब्यातून पाच हजार रुपये काढले. रोख. ताई म्हणाल्या, रोख देणगी दोन हजारांच्या वर गेली की तिच्यावर आयकराची सवलत मिळत नाही. आईने क्षणभर हिशेब केला.

"मग दोन माझे, दोन हिचे, एक जावयाचा. बायकांच्या इतिहासात पुरुषांचा तेवढा वाटा पुरे."

जावई तेव्हा ऑफिसात होते. त्यांच्या पॅनचा नंबर मात्र आईला तोंडपाठ निघाला.

शेवटी दानपत्र आलं. सही करता करता ताईंनी विचारलं, "मोर्चातलं लाटणं आहे का हो अजून?"

आईने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं, चष्मा नीट केला आणि 'दात्याच्या अटी' या रकान्यात लिहिलं:

'१. नणंदेची पत्रं ती असेपर्यंत उघडू नयेत.

२. लाटणं मी असेपर्यंत मागू नये. रोज लागतं.'