पांढऱ्याचं गाईडपण

शांघायमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला दोन नोकऱ्या असतात. एक पगाराची, दुसरी पाहुण्यांना शांघाय टॉवरवर नेऊन आणायची. पहिलीत निदान रजा तरी मिळते.

पाहुणे येतात ते नेमके जूनच्या शेवटी. तेव्हा इथे 'मेयू'चा चिकट पाऊस असतो आणि 632 मीटरच्या या इमारतीचं डोकं बऱ्याचदा ढगात असतं. हे मी फोनवर आधीच सांगतो. "अरे, पाऊस काय आम्ही पाहिला नाही?" असं उत्तर येतं. मग बोलणं खुंटतं.

यंदा पुण्याहून काका-काकू आले. काका बांधकाम खात्यातून निवृत्त. त्यामुळे जगातल्या कुठल्याही इमारतीकडे ते आपल्याला बिल मंजूर करायचं असल्यासारखे बघतात. लुजियाझुई स्टेशनातून वर आलो तर समोर तिन्ही टॉवर, कमरेपर्यंत. शांघायकरांनी त्यांना टोपणनावं ठेवली आहेत: जिनमाओ म्हणजे सिरिंज, वर्ल्ड फायनान्शियल सेंटर म्हणजे बाटलीचं ओपनर आणि आमचा पिळदार टॉवर म्हणजे अंडी फेटायचं यंत्र. काकूंनी ते तिथल्या तिथे शाकाहारी करून टाकलं. "रवी म्हण की!"

"पण एवढा पिळलाय कशाला?" काकांनी फाइल उघडली.

पायापासून माथ्यापर्यंत इमारत सुमारे 120 अंश वळते, त्यामुळे वाऱ्याला एका जागी जोर धरता येत नाही आणि त्याचा भार 24 टक्क्यांनी घटतो, असं मी सांगितलं.

"म्हणजे लोखंड वाचलं. खर्च किती आला?"

"साधारण 2.4 अब्ज डॉलर."

काका बराच वेळ गप्प. टक्केवारी काढत असावेत.

खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या, त्याच्याही वर हॉटेल, 52व्या मजल्यावर पुस्तकांचं दुकान, असे एकूण 128 मजले. हे सगळं ऐकून काकूंनी एकच विचारलं, "पाणी चढतं का रे वरपर्यंत?" टप्प्याटप्प्यानं पंप करतात म्हटल्यावर त्यांनी काकांकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून त्यांच्या सोसायटीच्या चौथ्या मजल्याची व्यथा मला समजली. काका सोसायटीचे सेक्रेटरी आहेत.

तपासणीत काकूंची पिशवी अडली. एक्स-रेच्या पडद्यावर लिमलेटच्या गोळ्या, लाडवांचा डबा आणि त्याशेजारी पाय फाकून पडलेला अडकित्ता. रक्षकानं तो दोन बोटांत उचलला, उघडला, मिटला आणि माझ्याकडे पाहिलं. हे हत्यार नाही, असं मी माझ्या चिनीत सांगितलं. "मग काय आहे?" यावर माझी चिनी संपली. अडकित्ता जमा झाला, हातात बिल्ला आला. काकू मात्र मी तो कायमचा दान करून टाकल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या.

लिफ्टनं 55 सेकंदांत 118व्या मजल्यावर नेलं. कानांना दडे बसले, लिमलेटच्या गोळ्या कामी आल्या. दार उघडलं, आम्ही काचेपाशी गेलो आणि समोर पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं. 546 मीटरवर, माणशी दोन हजार रुपयांच्या घरातलं तिकीट काढून, पांढरं.

माझं खरं काम इथे सुरू होतं. "ती तिकडे हुआंगपू नदी. पलीकडे 'बंड' नावाचा नदीकाठ, जुन्या बँकांच्या दगडी इमारती. आणि इथे खाली ते ओपनर, त्याचं भोक सुद्धा दिसतं." मी पांढऱ्यातून पांढऱ्याकडे बोट फिरवत होतो आणि काकू दर वेळी मनापासून "हो का!" म्हणत होत्या. नदी मी तीन दिशांना दाखवली. त्यात खोटं काही नव्हतं, लुजियाझुईला ती वळसाच घालते. काकांना तेवढ्यात सिंहगड आठवला. "पावसाळ्यात तिथेही हेच दिसतं. फुकट. वर पिठलं-भाकरी."

"हलतं का रे हे?" काकूंनी मध्येच विचारलं.

माझ्यातला गाईड उत्साहाच्या भरात बोलून गेला, "थोडं हलणारच ना काकू. म्हणून तर वर 1000 टनांचा लोलक टांगलाय. वादळात इमारत एकीकडे झुकली की तो..."

काकू लिफ्टच्या रांगेत होत्या.

खाली बिल्ला देऊन अडकित्ता सोडवला. रक्षकाला अजून उत्तर हवंच होतं. काकूंनी पिशवीच्या तळातून सुपारी काढली आणि उभ्या उभ्या कातरून दाखवली. "बिनलांग!" मागचा दुसरा रक्षक ओरडला. तो हुनानचा, म्हणजे सुपारी चघळणाऱ्या प्रांतातला. मग काय, खांडं वाटली गेली. पहिल्यानं तोंड वाकडं केलं, हुनानवाल्यानं अडकित्ता स्वतः चालवून पाहिला आणि काकूंनी त्याला अंगठा कुठे ठेवायचा ते शुद्ध मराठीत शिकवलं. काकांनी फोटो काढला. त्या दिवशीचा स्वच्छ आलेला फोटो तेवढाच. घरच्या ग्रुपवर तो त्यांनी 'शांघाय टॉवरवरून दिसणारं दृश्य' असं लिहून टाकला.