शार्कचा पर आणि येडशीचा वाघ

येडशीच्या रामलिंग घाटात वाघ आल्याचं मला इथे ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. 2024 चा डिसेंबर होता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून सुमारे 500 किलोमीटर चालत तो धाराशिव जिल्ह्यात पोचला होता. येडशीचं अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं, आणि त्याला लागून सगळीकडे तूर, ज्वारी, ऊस आणि वस्त्या. दोन दिवसांत ग्रुपवर वाघाचे तीन व्हिडिओ आले. एकात मागे सागाचं दाट जंगल होतं. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात असं जंगल मी तरी पाहिलेलं नाही.

मी लिहिलं, "घाबरू नका. इथे आम्ही शार्कच्या शेजारी राहतो, रोज समुद्रात उतरतो." त्यावर धाकट्या चुलतभावाचा निरोप आला, "आक्का, तू समुद्रात नाही गेलीस तरी तुझं चालतंय. मला रातच्याला दारं धरायला जावंच लागतंय."

दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी सोडून वाफ्यांची तोंडं उघडत-बंद करत राहणं. त्याचं हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आमच्या मराठवाड्याला समुद्र नाही. पैठणच्या धरणाच्या पाण्याला नाथसागर म्हणायचं, तेवढाच आमचा सागर. पाण्यातलं हिंस्र जनावर मला माहीत होतं ते कीर्तनातल्या गजेंद्रमोक्षातलं, हत्तीचा पाय धरणारा नक्र. भीती वाटायची ती माळावरच्या लांडग्याची. पण आजी सांगायची त्या लांडग्याला सवयी होत्या. तो कुठल्या ओढ्यानं येतो, मेंढरांच्या कळपातलं कुठलं पिल्लू हेरतो, कुत्री आधी कशी गुरगुरतात आणि मग कशी गप्प होतात, हे सगळं तिच्या गोष्टीत असायचं.

इथे आमच्या वाचनालयात म्हातारी माणसं आपल्या आठवणी लिहून आणतात आणि एकमेकांना वाचून दाखवतात. मी तिथे मदतीला जाते. किनाऱ्यावर वाढलेल्या प्रत्येकाच्या वहीत शार्क असतोच. पण बहुतेक वेळा तो म्हणजे पाण्यावर आलेला एक काळा पर, किनाऱ्यावरून कुणीतरी मारलेली आरोळी, आणि त्या उन्हाळ्यानंतर पाण्यात कधीच न उतरलेली कुणाची तरी आई. बालपण संपल्याची खूण म्हणून तो येतो. जनावर म्हणून फार क्वचित येतो.

अपवाद एका मच्छीमाराच्या मुलाचा. वय ऐंशीच्या पुढचं. त्यांनी एक दिवस खिशातून वाळलेल्या चामड्याचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. त्यांचे वडील त्यानं होडीचं लाकूड घासायचे. डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवलं तर ते गुळगुळीत लागलं. उलटं फिरवल्यावर मात्र पॉलिश पेपरसारखं खरखरलं. शार्कची कातडी बारीक बारीक दातांसारख्या खवल्यांनी मढलेली असते, त्यामुळे पाणी त्याच्या अंगावरून सहज सरकतं. तो तुकडा हातात धरल्यावर शार्कला अंग आहे हे मला पहिल्यांदा पटलं. नंतर वाचत गेले तशा आणखी गोष्टी कळल्या. त्याच्या सांगाड्यात हाड नसतं, सगळी कूर्चा. तोंडाजवळच्या बारीक छिद्रांतून त्याला दुसऱ्या जिवाच्या स्नायूंतली वीज जाणवते. त्याचं घराणं पृथ्वीवर 40 कोटी वर्षांपेक्षा जुनं आहे. आणि ग्रेट व्हाइट या मोठ्या जातीच्या शार्कच्या मादीला पहिली पिल्लं होण्याआधी कित्येक वर्षं जगावं लागतं, म्हणून एक मादी मेली तर ती जागा लवकर भरून निघत नाही.

म्हणून 2014 मध्ये इथे जे झालं ते मला गावाकडच्यांना सांगावंसं वाटतं. त्याआधीच्या तीनेक वर्षांत पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्कच्या हल्ल्यात सात माणसं गेली होती. लोक हादरले होते, आणि त्यात नवल नव्हतं. सरकारनं जानेवारी ते एप्रिल किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर आमिष लावलेले मोठे गळ टाकले. तीन मीटरपेक्षा मोठा शार्क लागला की गोळी घालायची. गळाला 172 शार्क लागले, त्यातले 68 मेले. जवळपास सगळे टायगर शार्क. ज्याच्या भीतीनं हे सगळं केलं तो ग्रेट व्हाइट एकही लागला नाही. कॉटेस्लो किनाऱ्यावर हजारो लोक विरोधात जमले, पर्यावरण प्राधिकरणानं सप्टेंबरात प्रतिकूल मत दिलं आणि ती मोहीम गुंडाळली गेली.

आता इथे वेगळी व्यवस्था आहे. काही शार्कच्या अंगावर खूणयंत्र बसवलंय. असा शार्क पाण्यातल्या ग्राहकयंत्राजवळून गेला की फोनवर सूचना येते. उन्हाळ्यात हेलिकॉप्टर फिरतं. काही किनाऱ्यांवर पोहण्यापुरता भाग जाळ्यानं वेढलेला आहे. सर्फिंग करणाऱ्यानं शार्कला दूर ठेवणारं विजेचं उपकरण घेतलं तर सरकार त्याला 200 डॉलर परत देतं. यानं धोका संपत नाही. हल्ले अजूनही होतात, माणसं अजूनही जातात, आणि दर वेळी मारायची मागणीही उठते. पण भीती वाटणाऱ्याच्या हातात काहीतरी माहिती असते.

धाराशिवच्या वाघाचं काय झालं? त्यानं गुरं मारली. त्याला पकडून सह्याद्रीत सोडायचं ठरलं. ताडोब्याहून पथक आलं, दिवसांमागून दिवस गेले, वाघ काही हाती लागला नाही. तो आज कुठे आहे, हे माझ्या भावाला कळायचं ते चहाच्या टपरीवर किंवा त्याच जुन्या व्हिडिओंमधून. पलीकडे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात 2020 च्या नोव्हेंबरात बिबट्यानं माणसं मारली होती. डिसेंबरात करमाळ्याकडे एका बिबट्याला गोळी घातली गेली. गावोगाव तोच वाद आहे. मारा म्हणणारे, पकडून दूर सोडा म्हणणारे, नसबंदी करा म्हणणारे, आणि पुण्या-मुंबईत किंवा माझ्यासारखं परदेशात बसून सहजीवन शिका म्हणणारे.

पकडून दूर सोडण्याबद्दल मला काळजी वाटते. जुन्नर भागात हे करून झालंय. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा बिबटे जिथे नेऊन सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढलेले दिसले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. म्हणजे आपलं संकट दुसऱ्या गावाच्या वेशीवर नेऊन ठेवल्यासारखंच झालं.

पण सहजीवनाची भाषा करणाऱ्यांना, म्हणजे सगळ्यात आधी मला स्वतःला, भावाच्या त्या वाक्याला उत्तर द्यावं लागेल. पर्थमध्ये शार्कच्या जवळ जातो तो हौसेनं जातो. सूचना आली तर तो दिवसभर घरी बसू शकतो. येडशीजवळचा शेतकरी हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री जातो, कारण त्या आठवड्यात शेतीपंपाच्या लाईटची पाळी रात्रीची असते. थंडीत डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन, एकटा. दारं मोडताना तो वाकलेला असतो, पाण्याच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही. गुरं राखायला गेलेली बाई, ऊसतोडीच्या फडावर पाचटाच्या कोपीत झोपलेलं लेकरू, यांतल्या कुणालाच घरी बसायची सोय नाही. त्यांना शार्कचे आकडे ऐकवून भागणार नाही.

म्हणून माझं मागणं वाघाच्या आधी विजेपाशी जातं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये दिवसा वीज देण्यासाठीच सुरू झाली. मग जिथे वाघ-बिबट्याचा वावर नोंदला गेलाय, त्या गावांचे फीडर, म्हणजे शेतीच्या वीजवाहिन्या, आधी दिवसा चालू करा. ते होईपर्यंत, जनावर दिसल्याची नोंद झाली की त्या गावांची रात्रीची पाळी त्याच दिवशी बदला. वन खात्याच्या कॅमेऱ्यात वाघ आला तर संध्याकाळच्या आत गावात दवंडी द्या, मेसेज पाठवा, व्हिडिओ खरा की खोटा ते सांगा. गाय गेली तर पंचनामा त्याच दिवशी आणि भरपाई त्याच महिन्यात मिळू द्या. हे सगळं झाल्यावर वाघाला राहू द्या म्हणायला मला तोंड राहील. आणि मी ते मनापासून म्हणेन, कारण 500 किलोमीटर चालून एखादा वाघ आमच्या उजाड डोंगरात यावा, याचा मला अभिमान वाटलाय.

गेल्या आठवड्यात भावाला फोन केला. त्याच्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मागे मोटारीचा आवाज येत होता. "लाईट आलीय आत्ताच," तो म्हणाला, "तू बोलत राहा आक्का, मी वाफ्याकडं चाललोय." पलीकडे पाणी पडायला लागल्याचा आवाज येईपर्यंत मी बोलत राहिले.