जुना हाय-फाय स्टॅक म्हणजे घबाड? आधी मागची बाजू बघा

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय: 'सत्तर-ऐंशीच्या दशकातला, एकावर एक रचलेला जपानी हाय-फाय घरात पडून असेल तर तुम्ही मालामाल झालात. वॉट जास्त तर भाव जास्त. लाइट लागतो ना, मग तो चालू आहे. नेटवर लोक किती मागतात ते बघा. आणि सेट अजिबात फोडू नका, म्हणजे सुटा-सुटा विकू नका.'

पहिली गफलत 'एकावर एक'मध्येच आहे. खऱ्या सेपरेट्समध्ये अ‍ॅम्प्लिफायर, ट्यूनर (रेडिओ), कॅसेट डेक अशी प्रत्येक वस्तू स्वतंत्र असते. प्रत्येकाची आपली पॉवर कॉर्ड, मागे आरसीए सॉकेट, म्हणजे ऑडिओ वायर जोडायची गोल भोकं. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच मिडी सिस्टिम, म्हणजे मध्यम आकाराचे तयार सेट, नुसत्या तशा दिसतात. समोर चार मजल्यांच्या रेषा, मागे अख्ख्या सेटला मिळून एकच हार्डबोर्ड! काहींचे डबे सुटे निघतात, पण डेकला वीज अ‍ॅम्प्लिफायरकडून चपट्या रिबन केबलने येते. अ‍ॅम्प्लिफायर गेला की सगळेच मुके. दोन्ही प्रकार जपानीच, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

वॉटचं म्हणाल तर आकडा कोणत्या पद्धतीने मोजलाय ते महत्त्वाचं. अमेरिकेत १९७४ मध्ये नियम आला की जाहिरातीतली पॉवर सलग मोजलेली हवी, तीही अ‍ॅम्प्लिफायर आधी एक तास एक-तृतीयांश पॉवरवर तापवून. १९७८ च्या पायोनियर एसएक्स-१९८० चे दर चॅनेलला (डाव्या-उजव्या बाजूला प्रत्येकी) २७० वॉट हे असे कष्टाचे वॉट आहेत. म्हणून तर तो साधारण ३५ किलोंचा आहे. पुढे प्लॅस्टिकच्या सेटवर 'पीएमपीओ १००० वॉट'चे स्टिकर आले. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचा आकडा, ती निव्वळ थाप. मागच्या पट्टीवर सेट किती वीज खातो ते छापलेलं असतं. तिथे शंभरेक वॉट लिहिलेले असतील तर हजार येणार कुठून?

'लाइट लागतो' हे तर सगळ्यात फसवं. स्पीकरची जाळी काढा आणि कोनाच्या (आतल्या शंकूसारख्या पडद्याच्या) कडेचा फोम बोटाने अगदी हलके दाबा. भुगा हातात आला तर रीफोमिंगचा, म्हणजे नवा फोम बसवण्याचा खर्च धरा. डेकमध्ये प्ले दाबल्यावर मोटर गुरगुरते पण कॅसेट हलत नाही? रबरी बेल्ट वितळून डांबर झालाय, आणि ते काळं बोटांवरून सहजी जात नाही. व्हॉल्यूमची खरखर मात्र किरकोळ, बहुतेकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. एक चॅनेल बंद असेल आणि आत एसटीके आयसी (आवाजाला ताकद देणारी चिप) असेल तर सावध राहा: अस्सल मिळणं अवघड, नकली उदंड.

मागितलेली किंमत म्हणजे विक्रेत्याची इच्छा. विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव बघा, तेही त्याच मॉडेल नंबरचे आणि त्याच स्थितीतले.

राहिलं 'सेट फोडू नका'. मिडीच्या बाबतीत हे बरोबर, कारण तो फोडून उपयोगच नाही. सेपरेट्समध्ये मात्र उलटंही होतं. टेक्निक्स एसएल-१२००एमके२ टर्नटेबल किंवा नाकामिची ड्रॅगन डेक हवा असलेला माणूस त्यासोबतच्या साध्या ट्यूनरसाठी जास्तीचे पैसे कशाला मोजेल? एकाच सीरिजचे, एकाच रंगाचे, मूळ रॅक आणि मॅन्युअलसकट असतील तर एकत्र विकून बघा. नाहीतर चांगली वस्तू आधी वेगळी काढा. ट्यूनर बहुधा शेवटपर्यंत राहतो.